लिनक्सचा डेस्कटॉप: तुमची पसंती कोणती आणि का?

रामबागकर (धागाकर्ता)

इंदुरातल्या आणि बाहेरच्याही मराठी लिनक्सवाल्यांसाठी हा धागा. डिस्ट्रोंवर, म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या वाणांवर, आपण पुष्कळ बोललो आहोत. उबुंटू की मिंट, फेडोरा की आर्च, हे सगळं झालं. पण सकाळी मशीन सुरू केल्यापासून रात्रीपर्यंत डोळ्यांसमोर असतो तो डेस्कटॉप, आणि त्यावर मात्र कुणी सविस्तर लिहीत नाही. मला ते वाचायचं आहे.

सुरुवात मी करतो. मी आयथ्री वापरतो. हा नुसता विंडो मॅनेजर आहे. प्लाझ्मा, ग्नोम किंवा एक्सएफसीई असा पूर्ण डेस्कटॉप घेतला की फाइल मॅनेजर, सेटिंग्ज, वायफायचं चिन्ह, ब्राइटनेसच्या कळा असा सगळा संसार सोबत येतो. आयथ्री फक्त खिडक्या कुठे ठेवायच्या एवढंच बघतो. बाकीचं एकेक आपण गोळा करायचं. मायकेल श्टापेलबर्ग यांनी तो २००९ साली सुरू केला.

माझं काम मजकूर तपासण्याचं आणि थोडंफार प्रोग्रामिंगचं. लॅपटॉप चौदा इंची. डावीकडे संपादक, उजवीकडे मूळ प्रतीची पीडीएफ, खाली टर्मिनलची पट्टी. एकही खिडकी दुसरीवर चढत नाही. पहिल्या वर्कस्पेसवर (म्हणजे खिडक्यांच्या वेगळ्या पडद्यावर) मजकूर, दुसऱ्यावर ब्राउझर, तिसऱ्यावर मेल; आकडा दाबला की तिथे. उघडलेल्या खिडक्यांच्या गर्दीत हवी ती शोधत बसणं माझ्या दिवसातून पूर्ण गेलं. जागा कमी पडली तर खिडक्या टॅबसारख्या एकामागे एक लावता येतात. लहान पडद्यावर मला याहून सोयीचं काही मिळालेलं नाही.

पण माझं खरं कारण वेगळं आहे. ज्यांनी २०११ चा एप्रिल पाहिला आहे त्यांना आठवत असेल. एकाच महिन्यात ग्नोम ३ आलं आणि उबुंटू ११.०४ मध्ये युनिटी आली. वर्षानुवर्षं हाताला बसलेला डेस्कटॉप एका अपडेटमध्ये नाहीसा झाला. आयथ्रीत माझी सगळी मांडणी एका साध्या मजकुराच्या फाइलीत आहे. जुन्या लॅपटॉपवरून नव्यावर ती फाइल नेली की संपलं. माझी बटणं माझ्या परवानगीशिवाय कुणी हलवत नाही. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मराठी मी इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कीबोर्डावर लिहितो. एक्सकेबी या लिनक्सच्या कीबोर्ड-व्यवस्थेच्या यादीत मराठीचे वेगळे लेआउट आहेत, उच्चाराप्रमाणे टाइप करायचं कगप फोनेटिकसुद्धा आहे, आणि ते कुठल्याही विंडो मॅनेजरमध्ये चालतात. एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते. शॉर्टकट अक्षराच्या नावाने बांधला तर कीबोर्ड मराठीत असताना तो लागेलच याचा भरवसा नाही. आयथ्रीची बाइंडकोड ही आज्ञा वापरून कळीच्या क्रमांकाने बांधला की कीबोर्ड कुठल्याही लिपीत असो, तीच कळ तेच काम करते. मराठी लिहिणाऱ्याने आयथ्री घेतला तर पहिलं काम हे करावं.

आता तुम्ही सांगा. काय वापरता, त्यातली कुठली गोष्ट काढून घेतली तर अडेल, आणि मराठी कसं लिहिता? नुसतं ‘आवडतं’ नको, कारण लिहा.

दांडियाबाजार

नमस्कार, बडोद्याहून लिहिते आहे. माझा कौल केडीई प्लाझ्माला, आणि कारण तुमच्या शेवटच्या प्रश्नातच आहे.

मी गुजराती-मराठी भाषांतरं करते. एका खिडकीत गुजराती, दुसरीत मराठी, तिसरीत ग्राहकाला इंग्रजीतून मेल. प्लाझ्माच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआउट कशागणिक बदलायचा ते ठरवता येतं: सगळीकडे एकच, डेस्कटॉपगणिक, ॲप्लिकेशनगणिक किंवा खिडकीगणिक. मी खिडकीगणिक ठेवलं आहे. गुजराती फाइलीवर क्लिक केलं की कीबोर्ड आपोआप गुजराती, मराठीवर आले की मराठी. गुजराती आणि मराठी दोन्हींचं इन्स्क्रिप्ट एकाच आराखड्याचं असल्यामुळे बोटांना वेगळं शिकावं लागत नाही. फक्त लिपी बरोबर निवडलेली हवी, आणि ती निवड प्लाझ्मा लक्षात ठेवतो. ही सोय गेली तर माझं काम खरंच अडेल.

दुसरं म्हणजे क्लिपबोर्डचा इतिहास. भाषांतरात एखादी संज्ञा सकाळी कॉपी केलेली दुपारी पुन्हा लागते, आणि ती यादीत सापडते. तिसरं, डॉल्फिन या फाइल मॅनेजरमध्ये एफ-३ दाबलं की खिडकीचे दोन भाग होतात. मूळ फाइलींचा फोल्डर आणि भाषांतराचा फोल्डर शेजारी शेजारी. चौथं केडीई कनेक्ट. फोनवर काढलेला कागदाचा फोटो वायर न जोडता लॅपटॉपवर येतो.

‘केडीईत सेटिंगांचं जंगल आहे’ हे मी नेहमी ऐकते. सेटिंगा पुष्कळ आहेत हे खरं, पण त्यांना हात लावलाच पाहिजे अशी सक्ती कुठे आहे? मी कीबोर्ड, फाँटचा आकार आणि पॅनेलची जागा, एवढंच बदललं आहे. मथियास एट्रिश यांनी १९९६ मध्ये केडीईची घोषणा केली तेव्हा त्यांची तक्रारच ही होती की युनिक्सवर प्रत्येक प्रोग्राम वेगळा दिसतो आणि वेगळा वागतो. आज मी केट (संपादक), ओक्युलर (पीडीएफ वाचक), डॉल्फिन यांत फिरते तेव्हा फाइल उघडायची चौकट तीच, शॉर्टकट बदलायची जागा तीच. त्या पहिल्या तक्रारीचं उत्तर मला रोज मिळतं.

रामबागकर, तुमच्यासाठी एक: प्लाझ्मा ५.२७ पासून मेटा (विंडोजची कळ) आणि टी दाबलं की पडद्याचे हवे तसे भाग पाडता येतात. आयथ्रीइतकं कडक नाही, पण तुमची तीन खिडक्यांची मांडणी त्यात नक्की बसेल.

सुपर_एंटर

दादा, धागा मस्त. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, इंदुरातच. माझा डीडब्ल्यूएम, तोही आयथ्रीसारखा नुसता विंडो मॅनेजर. कारण एकच: त्याचा कोड पूर्ण वाचता येतो. त्याच्या कर्त्यांनी दोन हजार ओळींची मर्यादा स्वतःवर घालून घेतली आहे. सेटिंग करायचं तर सी भाषेतली कॉन्फिगची हेडर फाइल बदलून पुन्हा कंपाइल करायचं. वर्गात आम्हाला पॉइंटर आणि लिंक्ड लिस्ट शिकवल्या, पण खिडक्यांची यादी खरोखर लिंक्ड लिस्टमध्ये कशी ठेवतात ते मी डीडब्ल्यूएमच्या कोडमध्ये पाहिलं. ज्या गोष्टीवर मी दिवसभर बसून राहिलोय ती आतून कशी चालते हे मला ठाऊक आहे. केडीईबद्दल असं कुणी म्हणू शकेल का?

रामबागकर

कोड वाचण्याचा मुद्दा मान्य, आणि शिकण्याच्या वयात तर तो फारच मोठा आहे. पण एक करून पाहा. तुझ्या वरच्या पट्टीवर तारीख आणि वार मराठीत आण. डीडब्ल्यूएमची पट्टी आणि प्रोग्राम उघडायचा डीमेन्यू हे दोन्ही अक्षरं काढायला एक्सएफटी ही लायब्ररी वापरतात, आणि एक्सएफटी एकेक चिन्ह येईल त्या क्रमाने मांडतो. देवनागरीला तेवढं पुरत नाही. पहिली वेलांटी टाइप होते व्यंजनानंतर, पण दिसायला हवी आधी. ती उचलून पुढे आणणं, जोडाक्षर बांधणं, रफार डोक्यावर नेणं, हे काम हार्फबझसारखी लायब्ररी करते. ती मधे नसली की ‘शनिवार’ हा ‘शनविार’ दिसतो आणि ‘शुक्रवार’मधला क्र सुटा पडतो.

आयथ्रीची पट्टी पँगोतून (ही हार्फबझ वापरणारी लायब्ररी) अक्षरं काढू शकते. फाँटच्या ओळीत आधी ‘पँगो’ लिहायचं, की वार, तारीख, खिडकीची नावं सगळी नीट. डीमेन्यूच्या जागी रोफी लावला की तिथलाही प्रश्न सुटतो, कारण रोफीसुद्धा पँगोवर आहे. मी डीडब्ल्यूएम न घेता आयथ्री घेतला त्यात याचा वाटा मोठा आहे. माझ्या फाइलींची नावं मराठीत असतात. ती मला मोडलेली बघवत नाहीत.

सुपर_एंटर

करून पाहिलं. अगदी तसंच दिसून राहिलंय. डीडब्ल्यूएमसाठी पँगोचा पॅच आहे, तो लावतो. पण मग दोन हजार ओळींचा हिशेब बाहेरच्या लायब्ररीवर ढकलल्यासारखं होतं, हे पटतंय. देवनागरी नीट मांडायला लागणारा कोड तेवढ्या ओळींत मावणारच नाही.

टिळकनगर

मी या यादीतली ग्नोमवाली, आणि बहुतेक एकटीच असेन.

माझी दृष्टी लहानपणापासून अधू आहे. वर ज्या गोष्टींची स्तुती झाली, म्हणजे एकाच पडद्यावर चार चौकटी, बारीक अक्षरांची पट्टी, कोपऱ्यातली चिन्हं, त्या सगळ्या मला अडचणीच्या. ग्नोममध्ये एका वेळी एक ॲप पूर्ण पडदाभर. सुपर (विंडोजची कळ) दाबलं की सगळ्या खिडक्या मोठ्या चित्रांसारख्या समोर मांडल्या जातात. नाव टाइप केलं की ॲप उघडतं. ग्नोम ४० पासून वर्कस्पेस आडवे झाले, टचपॅडवर तीन बोटं सरकवली की पुढचा. मोठ्या अक्षरांचं बटण एका जागी आहे. सुपर, ऑल्ट आणि ८ दाबलं की पडदा मोठा होतो. सुपर, ऑल्ट आणि एस दाबलं की ऑर्का हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम वाचायला लागतो. हे सगळं नव्याने टाकलेल्या मशीनवर काहीही न करता मिळतं. इतकंच काय, लॉगिनच्या पडद्यावरही मिळतं.

ऑर्काला मराठी वाचता येतं, कारण त्याच्यामागचं ईस्पीक हे बोलणारं इंजिन मराठी जाणतं. आवाज यांत्रिक आहे, जोडाक्षरांवर अडखळतो, पण लांब लेख ऐकताना कान सरावतात. मी या संस्थळावरचे मोठे धागे असेच ऐकते.

ग्नोमने मिनिमाइजचं बटण काढलं, ट्रेमधली चिन्हं काढली, म्हणून लोक रागावतात. एक्स्टेन्शन लावून ती परत आणतात आणि नवी आवृत्ती आली की एक्स्टेन्शन मोडतं, मग पुन्हा रागावतात. मी एकही एक्स्टेन्शन लावत नाही. ज्या रिकाम्या पडद्याला लोक नावं ठेवतात, त्या रिकामेपणामुळे मला काम करता येतं. आयथ्री किंवा डीडब्ल्यूएममध्ये पडदा वाचणारं साधन चालवायचं तर त्याची जुळणी स्वतः करावी लागते. ज्याला पडदा दिसत नाही त्याने ती कशी करायची, याचा विचार ‘हलका’ डेस्कटॉप सुचवणाऱ्यांनी करावा, एवढी कळकळीची विनंती.

दांडियाबाजार

ताई, उत्तम प्रतिसाद. मराठी कशात लिहिता?

टिळकनगर

गमभन. मराठी संस्थळांवर लिहिता लिहिता ही रोमन अक्षरांतून मराठी टाइप करायची पद्धतच बोटांत बसली. आयबस या भाषा-टायपिंगच्या साधनासाठी एम१७एन हा कीबोर्डांचा संच टाकला की सेटिंग्जमधल्या इनपुट सोर्सेसच्या यादीत मराठीखाली गमभन येतं. इंग्रजी-मराठी बदल सुपर आणि स्पेसने. ग्नोममध्ये आयबस मुळातच गुंफलेला आहे, त्यामुळे वेगळी खटपट नाही.

लष्करवाला

ग्वाल्हेरहून. बराच वेळ वाचतोय, आता राहवत नाही.

मी टायपिंगचा वर्ग चालवतो. मध्य प्रदेशात सरकारी नोकरीसाठी सीपीसीटी ही संगणक आणि टायपिंगची परीक्षा द्यावी लागते, तिच्या तयारीला मुलं येतात. हिंदी टायपिंगला तिथे इन्स्क्रिप्ट आणि रेमिंग्टन गेल (जुन्या टाइपरायटरच्या धर्तीचा) असे दोन पर्याय आहेत. ज्याचा हात आधी रेमिंग्टनवर बसला आहे त्याला मी हलवत नाही. नव्याला इन्स्क्रिप्टच शिकवतो, कारण तोच कीबोर्ड उद्या मराठीला, गुजरातीला, बंगालीलाही चालतो. बडोद्याच्या ताईंनी लिहिलंच आहे.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझी मशीनं जुनी, त्यांवर ११ चढत नाही. प्रोसेसर चांगले, कीबोर्ड चांगले, पडदे चांगले. नुसत्या त्या कारणासाठी भंगारात घालायची माझी तयारी नव्हती. सगळ्यांवर एक्सएफसीई आहे.

का, ते सांगतो. माझ्या वर्गात मुलगा दोन-चार महिने येतो आणि जातो. त्याला लिनक्स शिकायचं नसतं, त्याला वेग आणि अचूकता हवी असते. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, उजवीकडे घड्याळ आणि भाषेचं चिन्ह. तो बसतो आणि टाइप करायला लागतो. डेस्कटॉपबद्दल मला एकही प्रश्न येत नाही. प्रश्न न येणं हीच माझी पसंतीची कसोटी.

आणि एक्सएफसीई स्थिर आहे. ओलिव्हिए फुर्दां यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला प्रकल्प आजही चालू आहे. ४.१६ आलं २०२० च्या डिसेंबरात, ४.१८ आलं २०२२ च्या डिसेंबरात, ४.२० आलं २०२४ च्या डिसेंबरात. दर वेळी आतून बरंच सुधारतं, पण मेन्यू जिथे होता तिथेच. रामबागकरांनी २०११ चं दुःख लिहिलं, ते मीही भोगलं आहे. ग्नोम २ आवडणाऱ्यांसाठी एका अर्जेंटिनी माणसाने त्याच्या कोडची वेगळी शाखा काढली, तिला तिकडच्या पेयावरून माते नाव दिलं. मी काही काळ माते वापरलं, छान आहे. पण एक्सएफसीईला शाखा काढायची वेळच आली नाही, कारण त्याने आपल्या लोकांना कधी टाकलं नाही.

टायलिंगवाल्यांना, म्हणजे खिडक्या शेजारी शेजारी बसवणाऱ्या आयथ्री-डीडब्ल्यूएमवाल्यांना, माझा विरोध नाही. मात्र दहा-वीस जण आलटून पालटून बसतात अशा मशीनवर आयथ्री बसवणं चूक आहे. तिथे ज्याने फाइल लिहिली त्याचीच सोय होते.

रामबागकर

काका, पूर्ण सहमत. माझा आयथ्री माझ्यापुरता. घरच्या सामायिक मशीनवर मीही मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप ठेवला आहे.

आयथ्रीला कळांचं पाठांतर लागतं हे मात्र मला तक्रारीसारखं वाटत नाही. इन्स्क्रिप्टही पाठच करावं लागतं. एकदा बोटांत उतरलं की ते आयुष्यभर साथ देतं, आणि हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार!

छप्पन_टॅब

सगळ्यांना एक प्रश्न. वेलँडचं, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या नव्या व्यवस्थेचं काय? मी ऐकतोय की तिच्या आधीची जुनी व्यवस्था, एक्स ११, बंद होणार. मग आयथ्री, डीडब्ल्यूएम, एक्सएफसीई यांचं काय होणार?

सुपर_एंटर

भिया, जेवढं मला माहीत आहे तेवढं सांगतो. एक्स १९८४ पासूनचा, एमआयटीतला. अकरावी आवृत्ती १९८७ ची. वेलँड २००८ मध्ये सुरू झालं. ग्नोम ४९ मध्ये एक्स ११ चं सेशन मुळात बंद ठेवलं आहे, आणि केडीईने प्लाझ्मा ६.८ पासून फक्त वेलँड राहील असं जाहीर केलं आहे. जुने एक्सवाले प्रोग्राम एक्सवेलँडमधून चालत राहतात, म्हणजे ॲपची काळजी नाही. प्रश्न विंडो मॅनेजरचा आहे, कारण वेलँडमध्ये विंडो मॅनेजर आणि पडदा रंगवणारा हे एकच असतात. आयथ्री किंवा डीडब्ल्यूएम जसेच्या तसे तिकडे नेता येत नाहीत.

आयथ्रीवाल्यांना वेलँडवर तशाच चालीचा स्वे आहे. २०१९ मध्ये १.० आला, आणि आयथ्रीची कॉन्फिग फाइल बरीचशी तशीच चालते. एक्सएफसीई ४.२० मध्ये वेलँडचा प्रायोगिक आधार आहे, पण त्यांचा स्वतःचा विंडो मॅनेजर अजून एक्सवरच. सिनॅमनमध्येही वेलँड प्रायोगिक आहे. म्हणून लष्करवाले काकांच्या वर्गाने आज काही बदलायची गरज नाही.

रामबागकर

यात मराठीपुरती भर घालतो. वेलँडवर कीबोर्डचा लेआउट सांभाळणं हेही त्या डेस्कटॉपचंच काम होतं, त्यामुळे प्रत्येकाची रीत वेगळी. स्वेमध्ये लेआउट त्याच्या कॉन्फिगमध्ये लिहायचे. तिथे शॉर्टकट बांधताना ‘टू-कोड’ हा पर्याय जोडला की पहिल्या लेआउटवरून कळीचा क्रमांक ठरतो, आणि कीबोर्ड मराठीत असतानाही शॉर्टकट चालतात. मी वर बाइंडकोडबद्दल लिहिलं त्यापेक्षा हे सुटसुटीत आहे, कारण क्रमांक शोधत बसावे लागत नाहीत. प्लाझ्मात गमभन किंवा इतर फोनेटिक हवं असेल तर एफसीआयटीएक्स-५ हे आयबससारखं साधन टाकून सेटिंग्जमधल्या व्हर्च्युअल कीबोर्डच्या पानावर ते निवडावं लागतं. नाव व्हर्च्युअल कीबोर्ड असल्यामुळे तिथे कुणी बघत नाही, आणि मग ‘वेलँडवर मराठी चालत नाही’ असा समज होतो. चालतं.

नवी_पाटी

खूप शिकायला मिळालं. माझा प्रश्न साधा आहे. आईसाठी सिल्व्हर मॉलमधून वापरलेला लॅपटॉप घेतला आहे. ४ जीबी रॅम, जुनी फिरणारी हार्ड डिस्क. आईला मराठी संस्थळं वाचायची आणि लिहायची आहेत, नातवाशी व्हिडिओवर बोलायचं आहे. ती गमभनमध्ये टाइप करते. कोणता डेस्कटॉप टाकू?

लष्करवाला

आधी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका. डेस्कटॉप कुठलाही असो, जुनी डिस्क असेल तर मशीन रांगणारच. मग मिंटची एक्सएफसीई आवृत्ती. ४ जीबीत खरी भूक ब्राउझरची असते. डेस्कटॉप जेवढा कमी खाईल तेवढं ब्राउझरला उरेल.

टिळकनगर

टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून आईंना दाखवा. दोन-तीन डेस्कटॉप दाखवा, आणि माउस त्यांच्या हातात द्या. कुठलं अक्षर त्यांना न वाकता वाचता येतं ते बघा. आपण शेजारी बसून ‘हे दाबा, ते दाबा’ करू नये, नाहीतर निवड आपली होते.

दांडियाबाजार

हेच लिहायला आले होते. फक्त एकाच मशीनवर दोन डेस्कटॉप टाकून बघायचे असतील तर प्रत्येकासाठी वेगळा वापरकर्ता करा. एकाच खात्यात दोन्ही चालवले की थीम, चिन्हं आणि ठरलेली ॲप एकमेकांत मिसळतात.

नवी_पाटी

एसएसडी बसवली. पेनड्राइव्हवरून मिंटचे एक्सएफसीई आणि सिनॅमन दोन्ही आईसमोर ठेवले. तिने सिनॅमन निवडला. मेन्यूत प्रकार आणि त्यांची ॲप शेजारी शेजारी दिसतात, ते तिला सोपं गेलं. ४ जीबी आहे म्हणून मी एक्सएफसीईचा आग्रह धरला होता, पण तिने ऐकलं नाही. ब्राउझरमध्ये मोजके टॅब ठेवले तर चालतंय. आता गमभन कसं आणू?

लष्करवाला

आईंनी निवडला ना, मग सिनॅमनच राहू द्या.

टिळकनगर

सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस आणि आयबस-एम१७एन ही दोन्ही टाका. मिंटमध्ये इनपुट मेथड नावाचं सेटिंग आहे, तिथे आयबस निवडा. लॉगआउट करून पुन्हा आत या. मग आयबसच्या पसंतींमध्ये मराठी उघडून गमभन जोडा. भाषा बदलायची कळ आईंना विचारून ठरवा. दोन कळा एकदम दाबणं जड जात असेल तर पट्टीवरच्या चिन्हावर क्लिक करूनही भाषा बदलते. आणि पॅनेलची उंची वाढवायला विसरू नका, पॅनेलवर उजवं क्लिक केलं की पॅनेल सेटिंग्ज मिळतील.